बोट आणि सागरी इंजिन दुरुस्तीत काम कसं मिळवायचं: नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

गाड्यांच्या गॅरेजमध्ये हात बसलेला चांगला मेकॅनिक बोटयार्डात येतो आणि पहिल्याच आठवड्यात अडखळतो. चार स्ट्रोकचं इंजिन त्याच्या ओळखीचं असतं, डिझेल आणि बॅटरीही रोजच्याच असतात. पण इथे इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत येतं, एक्झॉस्टमधूनही पाणीच बाहेर जातं आणि इंजिन ज्या खोलीत बसलेलं असतं तिथे पेट्रोलची वाफ साचून राहू शकते. त्यामुळे बिघाडांची कारणं बदलतात आणि काम देणारा काय तपासतो तेही बदलतं. त्याला बिघाडाचं मूळ शोधणारा आणि शोधलेलं नीट लिहून ठेवणारा माणूस हवा असतो. नुसते पार्ट बदलत जाणाऱ्याचा त्याला खर्चच जास्त होतो.

गॅरेजमधून इकडे वळणारे आणि कोऱ्या पाटीने येणारे, दोघांनाही खालचा क्रम उपयोगी पडेल.

१. आधी शाखा ठरवा

'मरीन टेक्निशियन' या एका नावाखाली बरीच वेगवेगळी कामं येतात.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन. नवख्याला शिरकाव करायला हीच वाट सगळ्यात सोपी. सर्व्हिसची कामं ठरलेली असतात आणि इंजिन उतरवून स्टँडवर घेता येतं. इनबोर्ड म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन. इनबोर्ड डिझेलमध्ये मच्छीमार बोटी, कामाच्या बोटी, मोठ्या शिडाच्या बोटी येतात. इथे अवघडलेल्या जागेत, डोकं खाली घालून तासन्‌तास काम करावं लागतं, पण ज्ञान टिकाऊ असतं. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आत आणि गिअरचा भाग बाहेर असतो. त्याचे रबरी बेलो (घडीच्या नळ्या) आणि जोड यांची निगा हा वेगळाच अभ्यास आहे.

चौथी शाखा वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सची. गाडीचं इलेक्ट्रिकल काम येणाऱ्याने हिच्याकडे जरूर बघावं, कारण बोटीवरच्या तक्रारींचा मोठा हिस्सा शेवटी गंजलेल्या जोडापाशी जाऊन पोचतो. याशिवाय फायबरग्लास दुरुस्ती, रंग, शिडाच्या दोरखंडांचं काम आहेच, पण तो स्वतंत्र विषय आहे.

पहिल्या नोकरीसाठी एकच शाखा धरा. 'सगळं येतं' असं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न फार खोल जाणारा येतो.

२. गाडीपेक्षा वेगळं काय, ते मुलाखतीआधी पक्कं करा

थंड करणारं पाणी. बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा इंपेलर असतो. तो कोरडा फिरला तर काही सेकंदांतच खराब व्हायला लागतो. म्हणून आउटबोर्ड जमिनीवर सुरू करताना पाण्याचा पुरवठा आधी आणि चावी नंतर. इंपेलरची पाती तुटलेली निघाली तर तुटलेला प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत काम संपत नाही. हे तुकडे पुढे जाऊन थर्मोस्टॅटच्या घरात किंवा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत अडकतात आणि नव्या इंपेलरसह इंजिन पुन्हा तापतं. आउटबोर्डच्या मागून पाण्याची बारीक धार येते म्हणजे पंप पाणी उचलतो आहे एवढंच कळतं. सगळे मार्ग मोकळे आहेत याची खात्री त्यातून होत नाही.

ओला एक्झॉस्ट. इनबोर्ड डिझेलमध्ये गरम धूर आणि समुद्राचं पाणी मिक्सिंग एल्बोमध्ये एकत्र येतात. तिथे काजळी आणि मीठ साचून वाट अरुंद होते. मग काळा धूर, कमी ताकद, वाढतं तापमान अशी लक्षणं दिसतात आणि नवखा माणूस इंजेक्टर उतरवायला घेतो. दुसरा धोका याहून मोठा. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत राहिलं, तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. पाणी मफलर भरून उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. म्हणून बराच वेळ स्टार्टर मारायचा असेल तर पाण्याचा सीकॉक (आत येणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) बंद करा आणि इंजिन सुरू झालं की लगेच उघडा. विसर पडू नये म्हणून चावीला चिठ्ठी बांधा.

पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. म्हणून आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर हे ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या बनावटीचेच लागतात. गाडीचा अल्टरनेटर दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, बसतोही, पण तो लावणं म्हणजे स्फोटाला जागा करून देणं. सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा) निदान ४ मिनिटं चालवायचा आणि वास घ्यायचा.

गंज आणि ॲनोड. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यातला कमी टिकाऊ धातू झिजतो. तो झिजणारा धातू आपणच निवडून लावायचा, त्यालाच ॲनोड म्हणतात. खाऱ्या पाण्यासाठी जस्त किंवा ॲल्युमिनियम, मचूळ पाण्यासाठी ॲल्युमिनियम, फक्त गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम. अर्धा झिजला की बदला. त्यावर रंग लावायचा नाही आणि तो बसतो ती जागा घासून उघडा धातू दिसला पाहिजे, नाहीतर ॲनोड नुसता शोभेला राहतो.

वायरिंग. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची बहुतारी वायर, रॅचेट क्रिंपरने दाबलेले टर्मिनल आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. नुसत्या झाळकामावर सोपवलेला जोड बोटीच्या थरथरीत सोल्डर संपतं तिथेच तुटतो. वायरची जाडी ठरवताना लांबी जाण्या-येण्याची मिळून धरतात. महत्त्वाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज ३ टक्क्यांपेक्षा जास्त घसरू नये, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्ट.

३. शिक्षण आणि प्रमाणपत्रं

डिझेल मेकॅनिक, मोटर मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियनचं मूळ तांत्रिक शिक्षण असेल तर सुरुवातीला तेवढं पुरतं. नसेल तर हेल्पर म्हणून लागून शिकणारेही खूप आहेत. वेळ जास्त लागतो इतकंच.

अमेरिकन बोट अँड यॉट काउन्सिल ही संस्था १९५४ पासून बोटींच्या बांधणी आणि दुरुस्तीची मानकं ठरवते. तिची इलेक्ट्रिकल, डिझेल, पेट्रोल इंजिन, गंज अशी स्वतंत्र प्रमाणपत्रं आहेत आणि ती ५ वर्षांनी नव्याने मिळवावी लागतात. ती थोड्या अनुभवानंतर घेतली तर जास्त कामी येतात. मानकं मात्र आधीपासून वाचायला हरकत नाही. चांगल्या बोटयार्डात बोलणं त्याच भाषेत होतं.

यामाहा, मर्क्युरी, व्होल्वो पेंटा, यानमार अशा कंपन्यांचं प्रशिक्षण साधारणपणे त्यांच्या डीलरकडे काम करणाऱ्यांनाच मिळतं आणि बहुतेक वेळा डीलरच पाठवतो. म्हणून बाहेरचा कोणी मोठी फी घेऊन 'कंपनीचं प्रमाणपत्र' देऊ करत असेल तर पैसे भरण्याआधी त्या कंपनीकडेच चौकशी करा.

जहाजावर किंवा मोठ्या यॉटवर इंजिनियरचा मदतनीस म्हणून राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षण व प्रमाणपत्रांविषयीच्या) कराराप्रमाणे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण लागतं: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता व जबाबदारी. सोबत सुरक्षा-जागरूकतेचा भाग आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. किनाऱ्यावरच्या वर्कशॉपसाठी यातलं काहीच लागत नाही. कुठे जायचं ते ठरण्याआधी यावर पैसे घालू नका.

४. हत्यारांची पेटी

पहिल्या दिवशी सगळं लागत नाही, पण खालच्या गोष्टी स्वतःच्या असाव्यात:

– गोटी पान्यांचा संच, ३/८ आणि १/२ इंची, मिलिमीटर आणि इंच दोन्ही मापांत. एकाच बोटीवर दोन्ही सापडतात.
– दोन टॉर्क रेंच: लहान साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, मोठा १०० च्या पुढचा. ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे अंदाजाने आवळल्यावर निघून येतात.
– मल्टीमीटर आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, घेताना खात्री करा.
– रॅचेट क्रिंपर आणि वायर सोलायची पक्कड.
– फीलर गेज, व्हर्निअर, कॉम्प्रेशन गेज.
– हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. गंजलेले स्क्रू सोडवताना त्याची किंमत कळते.
– डोक्याला लावायचा दिवा, दांडीचा आरसा, छोटा तपासणी कॅमेरा.
– इंजिनाला पाणी जोडायचे मफ आणि ग्रीस गन.

लांब दांडीचा चुंबक ठेवा, पण बोटीवरचे बरेच नट-बोल्ट स्टेनलेसचे असतात आणि ते चुंबकाला चिकटत नाहीत. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) पडलेला असा बोल्ट शोधण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून काम करण्याआधी खाली कापड पसरा. पाण्यावर काम करताना हत्यारांना दोरी बांधा. कंपनीचं संगणकी निदान-यंत्र वर्कशॉपचं असतं, ते विकत घेऊ नका.

५. कागदपत्रं आणि कामाची वही

– ओळखपत्र आणि काम करण्याचा अधिकार दाखवणारे कागद
– शिक्षणाचे व प्रशिक्षणाचे दाखले
– वाहन परवाना. अवजड ट्रेलर ओढायची परवानगी असेल तर ती ठळक दाखवा
– बोट चालवण्याचा परवाना, असल्यास. दुरुस्तीनंतर पाण्यात चाचणी घ्यावी लागते
– आधीच्या दोन वरिष्ठांची नावं, त्यांना विचारून

बायोडाटा एका पानाचा. 'मेहनती, प्रामाणिक' यात ओळ घालवू नका. कोणत्या मेकच्या, किती हॉर्सपॉवरच्या इंजिनांवर कोणती कामं केली ते लिहा. उदाहरणार्थ 'चार स्ट्रोक आउटबोर्ड: लोअर युनिट सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट'. अनुभव फक्त गाड्यांचा असेल तर इकडे चालणारा भाग पुढे आणा: डिझेल इंजेक्शन, हायड्रॉलिक, चार्जिंग सर्किट.

सोबत कामाची वही ठेवा. प्रत्येक कामाला तक्रार काय होती, कोणतं माप घेतलं, कारण काय निघालं, काय केलं, एवढ्या चार ओळी आणि आधीचा-नंतरचा फोटो. बोटीचं नाव किंवा मालकाची ओळख फोटोत येऊ देऊ नका. मुलाखतीत ही वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त वेळ उघडी राहते.

६. कधी आणि कुठे विचारायचं

हंगाम सुरू होण्याआधीचे दोन-तीन महिने उत्तम. तेव्हा बोटी बाहेर काढलेल्या असतात, सर्व्हिसचा ढीग असतो आणि नवख्याला शिकवायला थोडा वेळही असतो. भर हंगामात गेलात तर कुणी मान वर करून बघणार नाही.

डीलरचं सर्व्हिस सेंटर, बोटयार्ड, मरिना (बोटी लावायचा धक्का), भाड्याच्या बोटींचे ताफे, मच्छीमार बंदराजवळची वर्कशॉप, बोटबांधणीचे कारखाने हे सगळे दरवाजे आहेत. नव्या बोटींवर इंजिन बसवण्याचं काम अनेकांच्या लक्षातच येत नाही. तिथे वायरिंग, केबल, इंधनाच्या नळ्या सगळं शून्यापासून शिकायला मिळतं आणि गंजलेला एकही बोल्ट आडवा येत नाही. भाड्याच्या ताफ्यात त्याच इंजिनाचे तेच बिघाड वारंवार येतात, म्हणून हात लवकर बसतो.

ईमेल पाठवून थांबू नका. सकाळी काम वाटून झाल्यावर प्रत्यक्ष जा, सर्व्हिस मॅनेजरला भेटा आणि दोन दिवस चाचणीवर काम करायची तयारी दाखवा. या दिवसांचा मोबदला मिळणार का, ते आधीच विचारलेलं बरं.

७. चाचणीच्या दिवशी

आउटबोर्डचं गिअर ऑइल बदलणं हे काम नवख्याला हमखास देतात. सोपं दिसतं, पण माणूस ओळखता येतो. इंजिन सरळ उभं ठेवा. आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा; वरून हवा गेली की तेल धारेने येतं. पहिली धार नीट बघा. पाणी जड असल्याने तेच आधी बाहेर पडतं. पाणी दिसलं किंवा तेल दुधाळ निघालं तर नवं तेल भरायची घाई न करता वरिष्ठाला दाखवा. सील गेलेलं असतं, आणि बऱ्याचदा पंख्यामागे (प्रॉपेलरमागे) शाफ्टला गुंडाळलेली मासेमारीची तंगूस त्याचं कारण निघते. पंखा काढून बघितलात हे लक्षात राहतं. स्क्रूच्या चुंबकावर बारीक काळं पीठ चालतं, धातूचे तुकडे चालत नाहीत.

भरताना पंप खालच्या भोकाला लावून तेल वर चढवा. वरच्या भोकातून बुडबुडे नसलेलं तेल आलं की आधी वरचा स्क्रू बसवा, मगच पंप काढून खालचा. क्रम उलटा झाला तर तेल सांडतं आणि आत हवा राहते. दोन्ही स्क्रूंना नवे वॉशर.

दुसरी नेहमीची परीक्षा: स्टार्टर नुसता 'टक' करतो. स्टार्टर काढायला धावू नका. बॅटरी आरामात, म्हणजे चार्जर आणि सगळा भार बंद, असताना १२.६ ते १२.७ व्होल्टच्या आसपास असली तर भरलेली आहे. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर त्या बाजूची केबल किंवा जोड खराब आहे. असंच पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीपासून स्टार्टरच्या खांबापर्यंत. चावी फिरवत असतानाच मोजायचं, कारण करंट वाहत नसताना सडका जोडही निर्दोष दिसतो.

तिसरी: इंजिन पूर्ण आरपीएम गाठत नाही. उत्तराची सुरुवात बोटीच्या तळापासून करा. शेवाळ-शिंपले चढलेला तळ आणि वाकलेला किंवा चुकीच्या पिचचा (पात्यांच्या तिरकेपणाचा) पंखा आधी तपासा, मग इंधन फिल्टर, मग इंजिन. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाखतीत एनएमईए २००० चं, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं, जाळं विचारतात: दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाचे रेझिस्टर) असतात, म्हणून वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये मोजल्यावर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही किंवा तार तुटली आहे.

शाफ्टच्या अलाइनमेंटवरही, म्हणजे तो इंजिनाशी सरळ रेषेत आहे का यावरही, प्रश्न येतो. ढोबळ नियम असा की दोन्हींना जोडणाऱ्या कपलिंगच्या तोंडांमध्ये त्याच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शापेक्षा जास्त फट नको, म्हणजे १०० मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर. आणि शेवटचं माप बोट पाण्यात उतरवून ती स्थिरावल्यावरच घ्यायचं, कारण जमिनीवर टेकवलेल्या बोटीचा आकार किंचित बदललेला असतो.

८. जीव सांभाळायच्या गोष्टी

जमिनीवरच्या बोटीचं वजन तळाच्या कण्यावर असतं, बाजूचे स्टँड ती कलू नये म्हणून. कुणाच्याही सांगण्यावरून स्टँड हलवू नका, ते काम यार्डवाल्यांचं. वर उचललेल्या आउटबोर्डखाली जाण्याआधी टिल्टचा लॉक लावा, हायड्रॉलिकवर विसंबू नका. पंखा हाताने फिरवायच्या आधी चावी आणि सुरक्षा-दोरी (ओढली की इंजिन बंद करणारी) काढून खिशात ठेवा. कॉमन रेल डिझेलची गळती हाताने कधीच चाचपायची नाही आणि इंजिन चालू असताना त्याचे पाइप सैल करायचे नाहीत. हजार बारच्या वरच्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तळाचा जुना रंग कोरडा घासू नका, ती धूळ विषारी असते.

९. पगार ठरवताना

पगार तासावर आहे की कामावर, हे स्पष्ट करून घ्या. कामावर असेल तर नवख्याला तोटा होतो, कारण प्रत्येक कामाला ठरवून दिलेल्या पुस्तकी वेळात गंजलेला बोल्ट तुटण्याचा वेळ धरलेला नसतो. निदान करायला गेलेला वेळ मोजतात का, परत आलेल्या कामाचा खर्च कोणावर, बोटीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ धरतात का, तुमच्या हत्यारांचा विमा आहे का आणि हंगाम संपल्यावर काय, हे पाच प्रश्न विचाराच. उत्तरं लेखी घ्या.

जहाजावरच्या नोकरीसाठी एजंट पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे भरतीचं शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, खलाशी पुस्तिका, पासपोर्ट यांचा खर्च तेवढा स्वतःचा असू शकतो.

१०. रुजू झाल्यावर

पहिले काही महिने प्रत्येक कामाच्या कागदावर इंजिनाचा क्रमांक, चाललेले तास, घेतलेली मापं आणि वापरलेले पार्ट नंबर लिहा. बहुतेक आउटबोर्डची सर्व्हिस १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. पण त्या इंजिनाचं मॅन्युअल उघडून बघितल्याशिवाय टॉर्क आणि तेलाचं प्रमाण आठवणीवर भरू नका, एकाच कंपनीच्या शेजारच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असतं. तीच वही पुढे चालू ठेवा. सहा-आठ महिन्यांनी तिच्यातून दिसेल की तुमच्याकडे कोणत्या मेकची, कोणत्या प्रकारची कामं जास्त येतात. सर्व्हिस मॅनेजरकडे कंपनीच्या प्रशिक्षणाची मागणी त्याच मेकसाठी करा आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत करा, कारण हंगाम लागला की कुणालाच यार्डाबाहेर सोडत नाहीत.